ओस्तुनीजवळची मासेरिया, कॅमेऱ्याच्या मागून

लग्नाच्या जागेचे रिव्ह्यू बहुधा नवरा-नवरीच लिहितात. जेवण, खोल्या, फुलं, पोहण्याचा तलाव. मी फोटोग्राफर. दुपारपासून मध्यरात्र उलटेपर्यंत पायांवर उभं राहणाऱ्या माणसाला त्याच जागेत भलत्याच गोष्टी दिसतात, त्या लिहितोय.

जागा दक्षिण इटलीत, पुलियामध्ये. टेकडीवरचं ओस्तुनीचं पांढरं गाव आणि समुद्र यांच्या मधल्या सपाटीवर, ऑलिव्हच्या रानात. मासेरिया म्हणजे जुना शेतवाडा. जाड भिंती, एकच मोठा दरवाजा, मध्ये चौक. समुद्रावरून चाचे यायचे त्या काळाची ही बांधणी, त्यामुळे बाहेरच्या अंगाला खिडक्या कमी आणि सगळा वावर चौकात. साठेक पाहुणे होते, जूनचा शेवटचा आठवडा, लग्न प्रतीकात्मक. इटलीत सरकारी विवाह नगरपालिकेच्या किंवा तिने मंजूर केलेल्या जागीच लागतो, आणि ही जागा त्यात नाही. या दोघांनी कागदपत्रं आधीच उरकली होती. मला ते पथ्यावरच पडलं. अधिकाऱ्याच्या वेळेचा काच नाही, मुहूर्त उजेड बघून काढायचा.

उजेडासाठी या वाड्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण. चुन्याने रंगवलेल्या भिंती म्हणजे फुकटचे रिफ्लेक्टर. दुपारी चौकात डोळे उघडवत नाहीत, पण कमानींच्या ओवरीत आलात की समोरच्या भिंतीवरून परतलेला मऊ उजेड थेट चेहऱ्यावर येतो. नवरीच्या आजी तिथे खुर्ची टाकून बसल्या होत्या. सुरकुती न् सुरकुती दिसत होती आणि एकही टोचत नव्हती. कॅमेऱ्याचं मीटर मात्र इतक्या पांढऱ्याने फसतं आणि फोटो काळवंडतो. मी दिवसभर एक स्टॉप वर ठेवून, म्हणजे मीटर सांगेल त्याच्या दुप्पट उजेड घेऊन, काम केलं.

आतल्या खोल्यांचं गणित वेगळं. नवरीच्या तयारीला वरची खोली देतात, दगडी घुमटाकार छताची, न रंगवलेली. दिसायला देखणी, पण फ्लॅश छतावर मारला की सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसते, आणि खिडकी टीचभर. खाली पांढऱ्या छताची एक साधी खोली आहे, तिचं दार ओवरीत उघडतं. तीच मागून घ्या. आम्हाला मागितल्यावर लगेच मिळाली, पण आपणहून कोणी सुचवली नाही.

ऑलिव्हच्या रानाबद्दल थोडं सविस्तर, कारण जोडप्याचे फोटो तिथेच निघतात. काही झाडांचे बुंधे इतके पिळवटलेले आहेत की आत माणूस उभा राहील. अशा जुन्या झाडांना पुलियात २००७ च्या प्रादेशिक कायद्याचं संरक्षण आहे, आणि वाड्याची माणसंही झाडांना जिवापाड जपतात. दक्षिणेकडे सालेन्तोत २०१३ मध्ये झायलेला हा जिवाणू सापडला आणि पुढे लाखो झाडं वाळली, त्यामुळे ती काळजी पटते. दिवे टांगायला खिळा ठोकायचा नाही, फांदीवर चढायचं नाही. बांधावरही बसू देत नाहीत. ते बांध नुसत्या दगडावर दगड रचून केलेले, चुनामाती काही नाही. ही कला २०१८ पासून युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आहे. नवऱ्याला बांधावरून उडी मारतानाचा फोटो हवा होता. राखणदार काकांनी हसत हसत एक दगड नुसता बोटाने हलवून दाखवला, विषय संपला.

आणि तिथली माती लाल, चांगली गडद. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती हनुवटीखाली तांबूस झाक टाकते, पांढऱ्या झग्यावर तर हमखास. रंग नंतर सुधारता येतो, झग्याचा घेर सुधारत नाही. नवरीची बहीण पूर्ण वाटभर घेर उचलून चालत होती आणि मला दर फोटोला तिला झाडाआड लपवावं लागत होतं. एका फोटोत बुंध्यामागून तिचं फक्त कोपर दिसतंय. तो मी मुद्दाम अल्बममध्ये ठेवला.

आता वेळापत्रक. निवांत लग्न म्हणजे वेळापत्रकच नको, असं पुष्कळ जोडप्यांना वाटतं. या वाड्याची माणसं तसं मानत नाहीत, म्हणूनच त्यांचं लग्न निवांत होतं. साडेसहाला विधी, सातनंतर खाणंपिणं, नऊच्या पुढे जेवण. जूनअखेर सूर्य साधारण आठ पंचविसाला मावळतो. पाहुणे तळणीतून निघणाऱ्या पान्झेरोत्तींभोवती (सारण भरलेल्या करंज्यांसारखा प्रकार) रमलेले असताना पावणेआठला नवरा-नवरीला अलगद बाहेर काढलं, तर अर्ध्या तासात सगळं उरकतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही. विधीच्या खुर्च्या मात्र अशा मांडल्या होत्या की नवऱ्याचा अर्धा चेहरा उन्हात आणि अर्धा कमानीच्या सावलीत. सांगितल्यावर दहा मिनिटांत फिरवून दिल्या, कपाळावर आठी नाही.

एक पाहुणा बुराटा, म्हणजे इथलं ताजं मऊ चीज, बनवणाऱ्याच्या टेबलापासून हलला नाही. मीही फार लांब नव्हतो. गरम पाण्यातून काढलेला गोळा ताणून त्याची पिशवी करायची, आत सायीत भिजलेले तंतू भरायचे, तोंड वळून गाठ मारायची. वाफ, ओले हात, मागे पांढरी भिंत.

तक्रार आहे ती रात्रीची. चौकात इथल्या जत्रेत असते तशी लुमिनारियेची रोषणाई उभी करतात, रंगीत दिव्यांची मोठी कमान. डोळ्यांना झकास. पण दिवे स्वस्तातले एलईडी, लुकलुकणारे. सायलेंट, म्हणजे आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेल्या फोटोंत आडवे पट्टे आले. इथली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे असे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, तेव्हा मेकॅनिकल शटर लावून १/१०० सेकंदावर या, त्रास बराच कमी होतो. त्याहून वाईट म्हणजे डीजेचा लेसर. लेसर थेट लेन्समध्ये आला तर कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा जाऊ शकतो. तो बंद करायला दोनदा सांगावं लागलं.

ड्रोन आणणार असाल तर वाड्याची परवानगी पुरत नाही. कॅमेरा असलेल्या ड्रोनला युरोपात चालकाची नोंदणी लागते, इटलीत विमाही सक्तीचा, उंची १२० मीटरपर्यंत, आणि जमावावरून उडवायचं नाहीच. ब्रिंडिसीचा विमानतळ फार लांब नाही, म्हणून हवाई क्षेत्राचा नकाशा आधी बघा. मी पाहुणे यायच्या आत, सकाळी, रिकाम्या वाड्याचे फोटो काढून ड्रोन पेटीत टाकला.

केक इथे जेवणानंतर उघड्यावर कापतात, म्हणजे जवळजवळ मध्यरात्री. एक भरलेली बॅटरी त्यासाठी वेगळी ठेवा. फोटोग्राफरचं जेवण पाहुण्यांसारखंच, त्यांच्याच वेळेला, आणि बसायला खुर्चीसुद्धा. हे सगळीकडे मिळत नाही.

सप्टेंबरची तारीख घेणाऱ्यांनी एवढं करा. वाड्याच्या छापील कार्यक्रमात विधीची वेळ सगळ्या हंगामाला साडेसहाच आहे. सप्टेंबरच्या मध्यावर सूर्य सातच्या सुमारासच बुडतो. बुकिंग करतानाच विधी पाचला लिहून घ्या.