राणीछाप रुपये: मोडायचे की ठेवायचे?

चांदी तेजीत आली की नाशिकच्या सराफ बाजारात घरोघरचे जुने डबे उघडायला येतात. मोडायचं की ठेवायचं, हे ठरवण्याआधी डबा टेबलावर पालथा करा. त्यात बहुधा तीन प्रकारची नाणी निघतील आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांचे रुपये (इथे त्या सगळ्यांना सरसकट राणीछाप म्हणू) 11.66 ग्रॅमचे, म्हणजे एक तोळ्याचे. त्यात 91.7 टक्के चांदी, निव्वळ 10.69 ग्रॅम. सहाव्या जॉर्जचे 1940 ते 1945 चे रुपये वजनाला तेवढेच भरतात, पण चांदी निम्मीच, 5.83 ग्रॅम. महायुद्धात सरकारने कस उतरवला होता. तिसरी धनत्रयोदशीला घेतलेली लक्ष्मी-गणपतीची नाणी, बहुतेक 999 शुद्धतेची, म्हणजे 99.9 टक्के चांदी.

हिशेबाला सोपं म्हणून किलोचा भाव 1 लाख धरू. राणीछाप रुपयात 1069 रुपयांची चांदी, 1940 ते 1945 च्या रुपयात 583 ची. आजचा भाव काढा आणि त्याच पटीत गुणा. घासून गुळगुळीत झालेलं नाणं हलकं भरतं, म्हणून वजन आपल्यासमोर करून घ्यावं.

सराफाकडे मोडलं तर पैसे लगेच हातात येतात, हा मोठा फायदा. पण तो नाणं आटणीसाठी घेतो. राजा कोण, साल कोणतं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. टंच (चांदीची शुद्धता) आणि घट (आटवताना होणारी तूट) धरून भाव कापला जातो. युद्धकाळातल्या रुपयात तांबं, निकेल, जस्त असल्याने चांदी वेगळी काढायला खर्च येतो, तिथे कपात जास्त. 999 चं नाणं बिलासकट, ज्या दुकानातून घेतलं तिथेच नेलं तर घासाघीस कमी.

संग्राहकाकडे नेलं तर नाण्याचं साल बोलतं. 1911 च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या पोशाखातला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं. असा रुपया किंवा 1939 चा निघाला तर सराफाच्या तराजूत टाकू नका. 1939 च्या नकलाही फिरतात, तेव्हा जाणकाराला दाखवाच. 1912 ते 1920 चे रुपये मात्र अमाप पाडले गेले. त्यांना चांदीच्या भावावर थोडंसंच जास्त मिळतं, लाखांच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेनेच 2021 मध्ये सांगितलंय. नाणी ओळखायला डोळा तयार करायचा असेल तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेचं संग्रहालय आहे, एक सुट्टी तिकडे घालवा.

ठेवायचं म्हटलं तर व्याज शून्य आणि भाव चढतच राहील याची खात्री नाही. एप्रिल 2011 मध्ये जगात चांदी औंसाला 49 डॉलरच्या आसपास होती, मार्च 2020 मध्ये 12 च्या खाली. पण ठेवायला फार खर्चही नाही. लक्ष्मीपूजनाला चौरंगावर चार बंदे रुपये असावेत असं वाटत असेल तर तेवढं कारण पुरे, त्याला गुंतवणुकीचं नाव द्यायची गरज नाही. फक्त ते चिंच किंवा पावडर लावून घासू नका. काळपट थर गेला की संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते.

पैशांची गरज असेल तर माझ्या मते क्रम असा: आधी धनत्रयोदशीची नाणी, मग युद्धकाळातले रुपये, आणि राणीछाप सगळ्यात शेवटी. कारण पहिली कधीही पुन्हा विकत मिळतील, दुसऱ्यांत चांदी कमी, आणि शेवटची पुन्हा पाडली जाणार नाहीत. झिजलेली, भोक पाडून दागिन्यात ओवलेली राणीछाप मात्र खुशाल मोडा, ती संग्राहक घेत नाही.

विकताना वजन, टंच आणि भाव लिहिलेली पावती मागा. दोन वर्षांहून जुन्या चांदीच्या नफ्यावर जुलै 2024 पासून 12.5 टक्के कर आहे, वारशाने आलेली असेल तर आधीच्या मालकाचा काळही धरतात. 2001 पूर्वीच्या नाण्यांना 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत मूळ किंमत धरता येते. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशातल्या भाच्याला पाठवायचा विचार असेल तर तो सोडा, पुरावस्तू कायद्याने तशी निर्यात बंद आहे.