ब्लॅक लेबल: शोकेसमधून पेल्यात

आमच्या मामांनी मस्कतहून आणलेली जॉनी वॉकर ब्लॅक लेबलची बाटली वडिलांनी अकरा वर्षे शोकेसमध्ये, चांगल्या कपबश्यांच्या मागे जपून ठेवली होती, आणि त्यांच्या पंचाहत्तरीला ती एकदाची उघडली, तेव्हा आतली व्हिस्की मानेपासून अंगठाभर खाली उतरलेली दिसली. इतकी वर्षे थांबून तिचे वय मात्र एका दिवसानेही वाढलेले नव्हते, कारण स्कॉच मुरते ती ओकच्या पिंपात. ब्लॅक लेबल हे अनेक व्हिस्क्यांचे मिश्रण; लेबलावरच्या 12 वर्षांचा अर्थ त्यातली सर्वांत कोवळी व्हिस्कीही पिंपात किमान 12 वर्षे राहिलेली आहे, एवढाच.

आपल्याकडे या बाटलीला असा मान का मिळाला, हे समजण्यासारखे आहे. आयात शुल्क अनेक वर्षे 150 टक्के होते, त्यामुळे परदेशातून येणाऱ्याने विमानतळावर घेतलेली दोन लिटरची मुभा म्हणजे अख्ख्या नातलगांसाठी मोठी भेट असे. रिकामी बाटलीसुद्धा फ्रिजमध्ये पाण्यासाठी वापरली जाई. या चौकोनी आकाराचे मूळ मात्र अगदी व्यवहारी आहे. स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉक गावी 1820 मध्ये जॉन वॉकर यांनी किराणा दुकान सुरू केले. पुढे त्यांच्या मुलाने, अलेक्झांडर यांनी, चौकोनी बाटली आणली, कारण ती खोक्यात जास्त मावत असे आणि वाहतुकीत कमी फुटत असे. लेबल 24 अंशांनी तिरके लावल्यामुळे अक्षरे मोठी छापता आली. गिऱ्हाइके रंगावरूनच बाटली मागत, म्हणून 1909 मध्ये रंग हेच नाव झाले. बाटलीवरचा, टोपी आणि छडी घेऊन झपाझप चालणारा तो गृहस्थ व्यंगचित्रकार टॉम ब्राउन यांनी त्याच्या आदल्याच वर्षी काढला होता.

आता चवीविषयी. पेला नाकाशी नेताच नुकत्याच विझलेल्या चुलीसारखा मंद धूर येतो आणि त्यामागून मनुका व संत्र्याच्या सालीचा वास येतो. हा धूर मुख्यतः स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या कूल इला या माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीचा, आहे. जिभेवर ती मऊ लागते, शेवटी पुन्हा धूर जाणवतो, पण तो फार काळ रेंगाळत नाही. उत्तम सिंगल माल्टची, म्हणजे एकाच कारखान्यातल्या माल्ट व्हिस्कीची, खोली तिच्यात नाही, हे मान्य करायला हवे. दोन चमचे साधे पाणी घातल्यावर मनुकेचा गोडवा स्पष्ट होतो, सोडाही चालतो, मात्र कोलामध्ये धुराचा मागमूस उरत नाही. खारे शेंगदाणे आणि तळलेल्या सुरमईबरोबर ती मला फार आवडली.

गप्पांच्या बैठकीसाठी, चार माणसांत वाटून घेण्यासाठी इतकी भरवशाची स्कॉच दुसरी सांगता येणार नाही. दर खेपेला बाटल्या आणणाऱ्या, पण स्वतःसाठी एकही न ठेवणाऱ्या मामांनीही तिची चव त्या रात्री पहिल्यांदाच घेतली आणि दुसऱ्या पेगसाठी पेला स्वतःहून पुढे केला.