गेट अ‍ॅरेचं कॉन्फिगरेशन: होलोग्राममध्ये की फ्लॅशमध्ये?

पवईतल्या एका विद्यार्थ्याला पडलेला पेच: गेट अ‍ॅरे म्हणजे हवं तसं सर्किट बसवता येणारी चिप. तिचं कॉन्फिगरेशन, म्हणजे सर्किट कसं जोडायचं ते सांगणारे बिट, कुठे ठेवले तर किरणोत्सर्गात जास्त टिकतील?

फ्लॅश मेमरीमध्ये बिट सेलमधल्या विद्युतभारावर तगतो. भार गळाला की बिट उलटतो. ईसीसी (चुका दुरुस्त करणारा कोड) एखादी चूक सावरतो, पण कंट्रोल सर्किटच बिघडलं तर तोही हतबल. होलोग्राममध्ये प्रत्येक बिट सगळ्या पृष्ठभागावर पसरलेला. त्यावर लेसर पडला की बिट प्रकाशाचे ठिपके होऊन चिपवरच्या फोटोडायोडवर (प्रकाश टिपणाऱ्या घटकांवर) उमटतात. ओरखडा पडला तर सगळेच ठिपके जरा मंदावतात. प्रकाश फोटोडायोडच्या मर्यादेखाली जाईपर्यंत माहिती शाबूत.

सगळे बिट एकाच वेळी चिपवर पोचतात, म्हणून वेगात होलोग्राम उघडच पुढे.

गोची जुळणीची. लेसर किंचित सरकला की ठिपका शेजारच्या डायोडवर. त्यात मुंबईचा पावसाळा! होलोग्राम ज्यावर उमटवलेला ती जिलेटिनची फिल्म ओल शोषून फुगते, आतल्या पट्ट्यांचं अंतर बदलतं. काचेत सीलबंदच हवी.

साध्या बोर्डाला आठ पायांची फ्लॅश पुरे. अणुभट्टीजवळ किंवा अवकाशात होलोग्राम, तोही जुळणी पक्की बसवता येत असेल तरच.