स्वस्तातलं कॉम्पॅक्ट पिस्तूल की महागातलं? फरक दुसऱ्या गोळीला कळतो

गेली तीन वर्षं माझ्याकडे दोन कॉम्पॅक्ट पिस्तुलं आहेत, दोन्ही ९ एमएम, एक बजेटमधलं आणि दुसरं ग्लॉक १९, पाचव्या जनरेशनचं. रेंजवर नवीन आलेला माणूस दोन्ही बघतो आणि हमखास विचारतो, एवढे जास्त पैसे घालून जास्तीचं मिळालं काय? तर हे घ्या सविस्तर उत्तर. बजेटवाल्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला त्रास झाला तो माझ्या एका नगाचा, तेवढ्यावरून अख्ख्या कंपनीला नावं ठेवणं बरोबर नाही.

आधी नेमाचं बोलू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. महाग पिस्तूल म्हणजे नेम आपोआप चांगला, असं बऱ्याच जणांना वाटतं. १० मीटरवर सावकाश, श्वास सांभाळून एकेक गोळी मारली आणि दोन्हींचे कागद शेजारी ठेवले तर कुठला कशाचा हे मला स्वतःला ओळखता येत नाही, खरंच सांगतो. या अंतरावर गोळी इकडेतिकडे जाते ती नळीमुळे नाही, आपण चाप ओढताना मनगट हलवतो म्हणून.

फरक सुरू होतो दुसऱ्या गोळीपासून. चाप ओढायला लागलात की आधी थोडा ढिला प्रवास असतो, मग एक भिंत लागते, आणि त्यावर जोर दिला की स्ट्रायकर, म्हणजे गोळीच्या बुडावर आदळणारी आतली सुई, सुटतो. गोळी सुटल्यावर बोट पुढे सोडायचं, टक् असा रीसेट लागतो, म्हणजे चाप पुन्हा तयार होतो, आणि तिथूनच पुढची गोळी. ग्लॉकचा चाप काही लोण्यासारखा नाही बरं का, अडीच किलोच्या आसपास जोर लागतो, पण भिंत रोज त्याच जागी लागते आणि रीसेट बोटाला स्पष्ट कळतो. माझ्या बजेटवाल्यात भिंत अशी नाहीच, एक रबरी रबरी ओढ आहे, आणि रीसेट इतका पुढे की घाईत बोट पूर्ण सुटत नाही, चाप ओढला जातो आणि काहीच होत नाही. सावकाश मारताना हे जाणवत नाही, पण एकापाठोपाठ दोन गोळ्या मारायच्या म्हटल्या की दुसरी हातभर खाली. हे समजायला मला सहा महिने लागले, तोवर मी स्वतःलाच दोष देत होतो.

पण म्हणून सगळी स्वस्त पिस्तुलं तशीच असं अजिबात नाही. तुर्कस्तानच्या कानिकचा चाप हातात घेऊन बघा, कित्येक महाग पिस्तुलांपेक्षा स्वच्छ सुटतो, वर टीपी९ मालिकेत डब्यातच होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवायचं म्यान, येतं. टॉरसच्या जी३सी मधे १२ गोळ्यांचं मॅगझिन आहे आणि गोळी फुटली नाही तर स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) न ओढता चाप पुन्हा ओढता येतो, ड्राय फायर, म्हणजे गोळी न भरता नुसता चाप ओढायचा सराव, करणाऱ्याला ही सोय आवडते. रुगरचं सिक्युरिटी-९ स्ट्रायकरवालं नाहीच, आत लपलेला हॅमर, म्हणजे सुईवर आपटणारी हातोडी, आहे, त्यामुळे त्याची स्लाइड ओढायला हलकी जाते, ज्यांच्या बोटात फार जोर नाही त्यांनी हे नक्की बघावं.

आता मॅगझिन. लोक पिस्तुलावर तासन् तास बोलतात आणि मॅगझिनकडे बघतच नाहीत. माझ्या बजेटवाल्याबरोबर दोन मॅगझिन आली होती. पहिल्या शंभर गोळ्यांत तीनदा असं झालं की शेवटच्या एक-दोन गोळ्यांना स्लाइड गोळी न उचलताच पुढे गेली, चेंबर, म्हणजे नळीतली गोळीची जागा, रिकामा. आधी वाटलं माझं मनगट ढिलं पडतंय, हलक्या कॉम्पॅक्टमधे त्यानेही असं अडकतं. मग रेंजवरच्या एका काकांनी सांगितलं की मॅगझिनवर रंगाने १ आणि २ लिही आणि कधी अडकतंय ते वहीत मांड. तिन्ही वेळा नंबर २. स्प्रिंग कमजोर होती, गोळी वेळेत वर येत नव्हती. स्प्रिंग बदलली आणि तो प्रश्न संपला. साधी गोष्ट आहे पण ती शोधेपर्यंत मी त्या पिस्तुलावर विश्वास ठेवू शकलो नाही, आणि स्वसंरक्षणासाठी घेतलेल्या वस्तूवर विश्वास नसेल तर ती घेतली कशाला.

ग्लॉकचे जास्त पैसे मला वाटतं इथेच वसूल होतात. १९८८ पासून हे मॉडेल चालू आहे, मॅगझिन, साइट (नेम धरायच्या खुणा), होल्स्टर, स्प्रिंगा, सगळं सहज मिळतं, आणि १५ गोळ्यांच्या मॅगझिनऐवजी ग्लॉक १७ चं १७ वालं लावलं तरी चालतं. सीझेडचं पी-१० सी पण मी बरंच वापरलंय, १५ गोळ्या, ग्लॉकइतकीच नळी, आणि चाप माझ्या मते ग्लॉकपेक्षा चांगला, आज पहिल्यांदा घ्यायचं असतं तर कदाचित तेच घेतलं असतं.

महाग म्हणजे निर्दोष असं मात्र डोक्यात ठेवू नका. ग्लॉक एवढे पैसे घेऊनही साध्या मॉडेलवर साइट प्लॅस्टिकचे येतात, मी पहिल्याच महिन्यात बदलले. आणि सिगचं पी३२०, चांगलं महागातलं पिस्तूल, पण २०१७ मधे विशिष्ट कोनात खाली पडलं तर गोळी सुटू शकते असं समोर आलं आणि कंपनीला चापाचे भाग बदलून द्यायची योजना काढावी लागली. म्हणून किंमत कितीही असो, आपला नग आपण तपासायचा. मी सगळ्यांना सांगतो, आधी दोनशे साध्या गोळ्या मारा आणि मग जी गोळी घरात भरून ठेवणार आहात त्याच गोळीच्या किमान पन्नास, कारण पुढे खळगा असलेली हॉलो पॉइंट गोळी काही पिस्तुलांत चेंबरच्या तोंडाशी अडते आणि साध्या गोळीने ते कळतच नाही. आणि ग्लॉक खोलताना चाप ओढावा लागतो, तेव्हा मॅगझिन काढून चेंबर डोळ्याने आणि बोटाने, दोन्हीने बघा, दर वेळी.

पैसे मोजकेच असतील तर माझं स्पष्ट मत आहे, चांगला चाप असलेलं बजेट पिस्तूल घ्या आणि उरलेले पैसे गोळ्यांत आणि शिकवणीत घाला. महाग पिस्तूल घेऊन वर्षाला पन्नास गोळ्या मारणारे मी बघितलेत, त्यांच्यापेक्षा स्वस्तवाला दर महिन्याला सराव करणारा कितीतरी सरस मारतो. फक्त दोन गोष्टींत काटकसर नको, मॅगझिन आणि होल्स्टर. चाप नीट झाकला जात नाही असं ढगळ होल्स्टर तर कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका, चाप पूर्ण झाकला गेलाच पाहिजे.

हाताचं माप राहिलंच. दुकानात पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, सुरक्षित दिशेला धरून डोळे मिटा, नेम धरा, डोळे उघडा. पुढचा साइट मागच्या खाचेत आपोआप बसला तर ते तुमच्या हाताचं. माझ्या बायकोला ग्लॉकचा दस्ता जाड पडतो, चापापर्यंत बोट नीट पोचत नाही, आणि त्या बजेटवाल्याचा तिच्या हातात असा बसतो की जणू मापाने केलाय. चापाबद्दलची माझी सगळी तक्रार तिने ऐकून घेतली, तीन महिने रोज दहा मिनिटं ड्राय फायर केलं, आणि आता ती त्याच पिस्तुलाने दोन गोळ्या माझ्यापेक्षा एकमेकींच्या जवळ मारते. ते पिस्तूल आता तिचंच आहे, नंबर २ चं मॅगझिन तेवढं मी सरावाला वेगळं काढून ठेवलंय.