‘ब’ कार्ड जिंकलं आणि माझे ९७,००० रुपये गेले

बडोद्यात दांडिया बाजारात माझा घरगुती फराळाचा धंदा आहे. चकली, अनारसे, भाजणी, मेतकूट. सासूबाईंच्या वेळेपासूनची गिऱ्हाईकं एका वहीत लिहिलेली आहेत. दिवाळीआधी त्यांना टपालाने कार्ड जातं. गेल्या वर्षी एक मराठी मुलगा आला. म्हणाला, "काकू, अंदाजाने जाहिरात कशाला करता? स्प्लिट टेस्टिंग करू."

कल्पना मला पटली, आणि कल्पना खोटी नाहीच. दोन कार्डं छापायची, फरक फक्त एका गोष्टीचा. आमच्यात वरच्या एका ओळीचा होता. प्रत्येकावर वेगळा कोड, म्हणजे ऑर्डर कुठल्या कार्डाने आली ते कळतं. वेबसाइटवरही हेच करतात: येणाऱ्यांपैकी निम्म्यांना एक पान दाखवायचं, निम्म्यांना दुसरं.

वहीतले पत्ते आणि त्याच्याकडचे विकतचे पत्ते एकत्र मिसळतो म्हणून त्याने वहीचे फोटो काढून नेले. ५०० ‘अ’, ५०० ‘ब’ कार्डं गेली. ‘अ’वर ३ ऑर्डरी आल्या, ‘ब’वर १४. "एवढा फरक नशिबाने पडत नाही, काकू." हिशेबाने ते बरोबरच होतं. ५ आणि ८ असते तर मीही थांबले असते. मग त्याच्याच ओळखीच्या प्रेसमध्ये ८,००० ‘ब’ कार्डं छापली आणि सगळी विकतच्या पत्त्यांवर धाडली. छपाई-टपालाचे ७२,०००, त्याची फी २५,०००.

ऑर्डरी आल्या ४६. हजारी सहासुद्धा नाहीत. ‘अ’ कार्डाचा आकडाही हजारी सहाच होता!

भाऊबीज झाल्यावर मी पहिल्या टेस्टचं ऑर्डरबुक आणि सासूबाईंची वही शेजारी ठेवून बसले. ‘ब’ची चौदाच्या चौदा नावं वहीत सापडली. पहिल्याच नावापुढे सासूबाईंच्या अक्षरात "तिखट कमी" असं लिहिलेलं. ‘अ’च्या तिघांपैकी एकही नाव वहीत नव्हतं. त्या टेस्टची परत आलेली पाकिटं काढली, तर सगळी ‘अ’ची, वाघोडिया रोड, मकरपुरा, कुठले कुठले पत्ते, वर पोस्टमनचा शेरा "सोडून गेले". पत्ते त्याने मिसळलेच नव्हते. ‘ब’ माझ्या जुन्या माणसांना, ‘अ’ अनोळखी लोकांना. ती माणसं कोरं पोस्टकार्ड पाठवलं तरी ऑर्डर देतात.

जाब विचारला तर म्हणाला, "मार्केट थंड आहे." नंतर फोन उचलेना. बिलावर नुसतं "छपाई व सल्ला" लिहिलंय, त्यामुळे पुढे काही करता आलं नाही.

कोणी अशी टेस्ट करून देतो म्हणाला, तर कार्डं टपालात पडायच्या आधी पूर्ण यादी मागा, प्रत्येक पत्त्यापुढे ‘अ’ की ‘ब’ लिहिलेली. वाटणी तुमच्यासमोर चिठ्ठ्या टाकून किंवा नाणं उडवून होऊ द्या, आणि दोन्ही गठ्ठे एकाच दिवशी जाऊ द्यात. आधी एकच कार्ड दोन कोड घालून पाठवून पाहिलं तर आणखी बरं. तिथेही मोठा फरक दिसला, तर वाटणीतच गडबड आहे.

पैशांपेक्षा मला वहीचं जास्त लागलं. त्या सगळ्या घरांचे पत्ते आणि फोन आज त्याच्या मोबाइलमध्ये आहेत. मी एकेकीला फोन करून सांगते आहे, की माझ्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका.