टुंय्य! (आठ महिन्यांच्या वापरानंतर)

परवा लेकीच्या अभ्यासाच्या ॲपच्या रिन्यूअलचा मेसेज आला, 3,999 रुपये, म्हणून लिहायला बसलो. ॲपचं नाव सांगत नाही. ज्यांच्या घरी आहे त्यांना आवाजावरून कळेल. ॲनिमेशन, अभ्यासक्रमाशी मेळ, सगळं उत्तम. पण उत्तर चुकलं की 'टुंय्य' वाजतं आणि लाल फुली थरथरते. कोथरूडच्या आमच्या वन बीएचकेत लेकीचं चुकलं की स्वयंपाकघरात आजीलाही कळतं.

नववीचं धाराविद्युत. 6 आणि 3 ओम समांतर जोडणीत, एकूण रोध किती? तिने 9 दाबलं. टुंय्य. 4.5. टुंय्य. टॅब मिटला आणि "मला फिजिक्स जमतच नाही." चुकली होती रीत, निकाल लावला स्वतःचा.

आवाज बंद करायची सोय द्या म्हणून तीन मेल केले. उत्तर आलं, यामुळे मुलं मोटिव्हेट होतात! शेवटी टॅबच म्यूट केला, तर शिकवणाऱ्या बाईही गप्प. मग सबटायटल्स.

आणि इथे माझंच मत फिरलं. रडारड थांबली, पण ती कंटाळून एका तालात अ, ब, क, ड दाबत सुटली. बेकर, डी'मेलो वगैरे संशोधकांनी 2010 साली संगणकावर शिकण्याच्या तीन प्रणाली तपासल्या होत्या. त्यांतही वैतागापेक्षा कंटाळाच वाईट निघाला, आणि शिकण्याऐवजी असली चलाखीही कंटाळ्याबरोबरच येते. म्हणजे रडणारी पोर निदान अभ्यासात तरी होती!

मग फेट (PhET) लावलं, म्हणजे स्क्रीनवर स्वतः प्रयोग करून बघायची सिम्युलेशन्स. कोलोरॅडो विद्यापीठाचं, नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी 2002 साली सुरू केलेलं, मराठीतही आहे आणि फुकट (हे आठ महिने आधी कुणी सांगितलं नाही). तिने बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली. भप्पकन आग! खो खो हसली, आजीला बोलावून पुन्हा लावली. चूक इथेही झालीच की. पण "एवढा प्रवाह का गेला?" हे तिनेच विचारलं.

नंतर 6 व्होल्टवर तेच दोन रोध समांतर. ॲमीटर 3 अँपिअर प्रवाह दाखवतो. पंधरा मिनिटं नुसती बघत बसली. मी सांगायला उठलो, तर बायकोने डोळ्यांनीच बसवलं. "सहा भागिले तीन, म्हणजे दोनच ओम? दोघांपेक्षा कमी?" प्रवाहाला वाटा दोन झाल्या, हे तिचं तिलाच सुचलं.

फेटमध्ये धड्यांचा क्रम नाही, परीक्षेची उदाहरणं नाहीत. ती वहीत सोडवतो. ऑटो-रिन्यू बंद केलंय. पैसे भरलेत तोवर, म्हणजे 30 तारखेपर्यंत, जीवशास्त्राचे व्हिडिओ म्यूटवर संपवतोय.