थांबून बघावं की आत्ताच दाखवावं?

दोन मुलं घ्या. दोघंही दोन वर्षांची, दोघांच्याही तोंडी जेमतेम दहा शब्द. दोन्ही घरांत आजीचं म्हणणं एकच: "याचा बापही उशिराच बोलला, वेखंड चाटवा."

पहिल्याला, हाताने काहीही न दाखवता, 'तुझी चप्पल आण' म्हटलं की तो दाराशी जाऊन आपलीच चप्पल उचलतो. कावळा दिसला की बोट करतो आणि वळून आईच्या तोंडाकडे बघतो, तिनेही पाहिला ना म्हणून. दुसऱ्याला बिस्कीट हवं असलं की तो आईचं मनगट धरून डब्यापर्यंत ओढत नेतो. बोट करत नाही, तिच्याकडे बघतही नाही. हाक मारली तर क्वचितच वळतो, पण टीव्हीवर जाहिरात लागली की पळत येतो. म्हणून 'ऐकू तर येतं' असं घरच्यांनी ठरवून टाकलंय.

शब्द मोजण्यात आपण फार अडकतो. समज आणि खुणा आधी बघा. पहिल्यासारखी बरीच मुलं पुढे बरोबरी गाठतात. सगळी नाही, आणि कोणती ते आधी कळत नाही. दोन वर्षांपर्यंत 'पाणी दे'सारखे दोन शब्द जोडून यायला हवेत, म्हणून त्यालाही एकदा डॉक्टरांना दाखवाच. घाबरून जाऊ नका, एवढंच. दुसऱ्यासाठी मात्र एक महिनाही थांबू नये. येत असलेले शब्द गळाले, तर कुठल्याही वयात तेच.

कानांची तपासणी दोघांचीही आधी. अर्धवट ऐकू येणारं मूल दार आपटल्यावर दचकतं, पण 'स', 'श' त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. ओएई ही कानांची तपासणी काही मिनिटांत होते. बेरा ही दुसरी तपासणी बहुधा मूल झोपेत असताना करतात.

घरी मराठी, प्लेग्रुपात इंग्रजी म्हणून मराठी बंद करू नका. दोन भाषांनी वाचा अडत नाही. शब्द मोजायचेच तर दोन्हींतले मिळून मोजा.

कुठे जायचं? खासगीत तारीख सहसा लवकर मिळते, पण थेरपीच्या दर सेशनचे पैसे, आणि सेशन महिनोन्‌महिने चालतात. सरकारी बाजूला, 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर हेरून उपचार करणारं केंद्र) तपासणी आणि थेरपी मोफत, अंगणवाडीत विचारा. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

जाताना मोबाइलवर घरातला दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या. अनोळखी खोलीत बोलकं पोरही गप्प बसतं.